रिलेवाल्याचा संदेश

सैन्याच्या दळणवळण विभागात मी उमेदीची सगळी वर्षे काढली. त्या काळात माझ्या तोंडून असंख्य वाक्ये वायरलेसवर गेली. त्यांतले माझे स्वतःचे म्हणता येईल असे वाक्य शोधू लागलो तर हाती फारसे काही लागत नाही. कोणी तरी सांगायचे, मी ते पुढे न्यायचो. शब्द बदलायचा नाही, गाळायचा नाही, घालायचा नाही. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर सुरतेतल्या एका मराठी दैनिकाच्या कचेरीत काही वर्षे बातम्यांच्या टेबलावर बसलो. तिथे दुसऱ्याचा मजकूर बदलण्याचाच पगार मिळायचा. सवय व्हायला वेळ लागला.

आता मी सुरतेतच, भेस्तानला राहतो. वडील इथेच यंत्रमागावर होते, आई अमळनेरकडची. शेजारपाजारच्या मुलांना माझ्या नोकरीविषयी कुतूहल असते. "काका, बॉर्डरवर गोळी चालवली का?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटले की त्यांचा चेहरा उतरतो. मग मी सांगतो की गोळी चालवणाऱ्याला ती कधी चालवायची आणि कधी थांबवायची हे ज्याच्यामार्फत कळते, तो मी. त्याने फारसा फरक पडत नाही.

बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाठीवर पेटी घेतलेला जवान येतो. तो जाळ्याचा सर्वांत खालचा धागा. वरच्या मुख्यालयापासून खालच्या चौकीपर्यंत हे जाळे टप्प्याटप्प्याने विणलेले असते. जमिनीखालून केबल जाते. पूर्वी तांब्याची असे, आता काचेच्या तंतूची. तिच्या जोडीला एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्याकडे लहरी फेकणारी केंद्रे असतात. त्यांच्यावर उपग्रह. आणि जिथे यांतले काहीच पोहोचत नाही तिथे हातातले सेट. प्रत्येक मार्गाला पर्यायी मार्ग असला पाहिजे, हा पहिला नियम. शत्रू एक मार्ग तोडेल हे गृहीत धरलेले असते. शत्रू नसेल तिथे रस्ता खणणारे यंत्र ते काम करते.

या नियमाची एक गोष्ट आमच्यात सांगितली जाते, आणि ती मी स्वतः पाहिलेली आहे. सीमेवरच्या एका ठाण्याला दोन केबली होत्या. नकाशावर एक लाल रेघ, एक निळी. एक नदीच्या अंगाने, दुसरी डोंगराच्या अंगाने. तपासणीला येणारा प्रत्येक अधिकारी त्या दोन रेघा बघून मान डोलवायचा. मग एका वर्षी बर्फ वितळले, एक लहान पूल वाहून गेला आणि दोन्ही केबली एकाच क्षणी मेल्या. ओढा ओलांडायला सोयीची जागा ती एकच होती. वेगवेगळ्या वर्षी आलेल्या दोन तुकड्यांनी, एकमेकींना न विचारता, तीच निवडली होती. दोन्ही तुकड्यांतले कारागीर चांगले होते. म्हणून तर दोघांनाही उत्तम जागा सापडली. त्यानंतर आमच्याकडे शिरस्ता पडला की पर्यायी मार्गावर कोणी तरी पायी चालून आल्याशिवाय त्याला पर्यायी म्हणायचे नाही. सैन्याचे जाळे असेच वाढते. नवी यंत्रे येतात हे खरे, पण नवे नियम बहुतेक वेळा काही तरी तुटल्यावर येतात.

आता सांगायची आहे ती गोष्ट सुरतेची. बऱ्याच वर्षांपूर्वी तापीला पूर आला, खाड्या उलट्या फिरल्या आणि शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. नागरी प्रशासनाने सैन्याची मदत मागितली. आमचा तळ गुजरातेतच होता. मदतीसाठी निघालेल्या तुकडीचे प्रमुख मेजर कटोच, हिमाचलचे. मोजके बोलणारे गृहस्थ. वायरलेसची जबाबदारी माझ्याकडे होती; फौजी रिवाजाप्रमाणे ते मला 'साब' म्हणत. ज्या गावात वाढलो त्याच गावात सरकारी कामाने जाण्याची वेळ नोकरीत एकदाच आली.

मोबाईल असताना सैन्याला वायरलेस कशाला लागते, असे लोक विचारतात. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल, आणि डिझेलचा टँकर पाण्यात उभा. जे टॉवर चालू होते त्यांच्यावर अख्खे शहर एकाच वेळी नातेवाइकांना फोन लावत होते. आमचे नियंत्रण केंद्र नदीच्या दक्षिणेला एका शासकीय इमारतीत थाटले होते. नावा नदीपलीकडे अमरोली, कोसाड या भागात फिरत होत्या. त्यांतल्या काही इच्छापोरच्या एका कारखान्याने दिलेल्या. मधे उंच इमारतींची रांग. हातातल्या सेटच्या लहरी सरळ रेषेत जातात. इमारत आडवी आली की आवाज अडतो. अशा वेळी मधल्या उंच जागेवर एक माणूस बसवावा लागतो. त्याच्याकडे दोन सेट. एका सेटवर नाव जे बोलेल ते ऐकायचे, दुसऱ्यावर केंद्राला जसेच्या तसे सांगायचे. केंद्राचे उत्तर पुन्हा नावेला. याला रिले म्हणतात. हे काम आपोआप करणारे यंत्र असते. आमचे यंत्र त्या वेळी दुसऱ्या शहराकडे गेलेल्या तुकडीला दिलेले होते. म्हणून माणूस.

तो माणूस हवालदार पोपट शिंगाडे. माण तालुक्यातला, काटक, चाळिशीकडे झुकलेला. त्याच्याइतका विश्वासू रिलेवाला मी पाहिला नाही. बोलताना त्याचा आवाज चढत नसे, उतरत नसे. कोणी गोळी लागल्याचा संदेश दिला काय किंवा पीठ संपल्याचा, शिंगाडेच्या तोंडून दोन्ही सारखेच निघत.

जागा मी निवडली. कोसाडच्या वसाहतीत चार मजली इमारतींच्या ओळी आहेत. त्यांतली कडेची इमारत गच्चीवरून नदीच्या बाजूला मोकळी होती. तळमजला पाण्यात. आम्ही नाव जिन्याला लावली तेव्हा पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर एक बाई उभ्या होत्या. कौतिकबाई. डोक्यावर पदर, हातात चहाचे पातेले.

"फौजी, कोनता गावना?" त्यांनी विचारले.

"भेस्तानना. मूळ अमळनेरकडना," मी म्हणालो.

"मंग आपलाच से. आनि हाऊ?"

"हा माणदेशचा. याच्या गावच्या नदीला पाणी नसतं."

"मंग आठे कसाले उना? पानी देखाले?"

मग इथे कशाला आला, पाणी बघायला का, असे त्या विचारत होत्या. शिंगाडेला एवढेच कळले की कोणी तरी त्याच्यावर हसते आहे. जिना चढताना त्याने मला हळूच विचारले, "साहेब, ही मराठीच हाय का?"

"अहिराणी. माझ्या आईची भाषा आहे. जपून बोल."

कौतिकबाईंचे यजमान निंबा आबा तिसऱ्या मजल्यावर राहत. बरीच वर्षे यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, काढलेला माणूस. छाती कामातून गेलेली. घरात प्राणवायू देणारे एक यंत्र होते, त्याची नळी नाकाला. वीज गेल्यापासून ते इन्व्हर्टरवर चालले होते. अख्ख्या इमारतीत तो एकच इन्व्हर्टर. कौतिकबाईंनी स्वतःहून शिंगाडेला सांगितले की तुझ्या डब्याची वायर लावायची तर लाव. शिंगाडेने यंत्राकडे बघितले, आबांकडे बघितले आणि म्हणाला, "माझ्या बॅटऱ्या भरलेल्या हायत. न्हाई लागत." पुरेशा भरलेल्या नव्हत्या. मला ते ठाऊक होते. मी पुढच्या नावेने त्याला जादा बॅटऱ्या पाठवल्या.

इथे आमच्या कामातली एक पद्धत समजावून सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे.

सैन्यात संदेश आला त्या क्रमाने जात नाही. त्याला दर्जा असतो. सर्वांत खाली रूटीन, सवडीने पाठवा. त्यावर प्रायॉरिटी. त्यावर इमिजिएट, म्हणजे बाकीचे थांबवा, हा जाऊ द्या. सर्वांत वर फ्लॅश, तो शत्रू समोर दिसल्यावर. दर्जा ठरवतो संदेश लिहिणारा, आणि वरचे दर्जे देण्याचा अधिकार अधिकाऱ्यांनाच. ज्याच्या हातून संदेश जातो त्या सिग्नलवाल्याने दर्जाला हात लावायचा नाही. ना वर, ना खाली. हे आमच्या हाडीमांसी मुरवलेले असते. कारण उघड आहे. सेट ज्याच्या हातात, तो उद्या स्वतःचे काम आधी करू लागला तर जाळ्यावरचा विश्वास संपला. रिलेवाल्याच्या बाबतीत तर आम्ही आणखी कडक. रिले म्हणजे तार. तार बोलत नाही, तारेतून बोलले जाते.

आमच्यात हे शिस्तीत चालते. केंद्रात मात्र नागरी प्रशासनातर्फे देसाई साहेब बसले होते. सज्जन माणूस, झोप नाही, सारखे फोन. लोकांच्या मागण्या ते मला लिहून द्यायचे.

"बोरसेभाई, आ अर्जन्ट छे, हं."

"साहेब, इमिजिएट लिहिलंय."

"एनाथी उपर शुं छे?"

"फ्लॅश. शत्रूचा हल्ला झाला तर."

"तो ए ज लखो ने."

तो निरोप एका सोसायटीतल्या लिफ्टच्या मोटारीचा होता. मी फ्लॅश लिहिले नाही; पण इमिजिएट त्यांच्या सहीने गेले, कारण सही करण्याचा अधिकार त्यांना दिलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इमिजिएटचा ट्रे भरून वाहू लागला. खरे तातडीचे आणि नुसते आग्रहाचे, सगळे एकत्र. प्रायॉरिटीत थोडे. रूटीनच्या ट्रेमध्ये एकच कागद होता. तो शिंगाडेचा.

"रिलेच्या इमारतीत एक वृद्ध रुग्ण. श्वासाचा त्रास. नाव मोकळी झाल्यावर पाठवावी. रूटीन."

मी तो सकाळी घेतला होता आणि आबांचे यंत्र इन्व्हर्टरवर चालू आहे असे धरून नियमाप्रमाणे ट्रेमध्ये ठेवला होता.

ठरावीक वेळाने केंद्र प्रत्येक ठिकाणाला हाक मारते. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही त्यानेही "काही विशेष नाही" असे सांगायचे असते. नुसती शांतता आम्हाला चालत नाही. त्या दुपारच्या हाकेला शिंगाडेने एकेका नावेची खबर दिली. शेवटी म्हणाला, "रिले, काही विशेष नाही."

सेटचे बटण दाबलेले असते तेवढाच वेळ आवाज पलीकडे जातो. त्याचे वाक्य संपले तरी बटण क्षणभर दाबलेले राहिले. त्या क्षणात त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला.

"तू दिनभर दुसरासनं सांगस, भाऊ. आमनं कव्हय सांगशी? हवानी टाकी सरी ऱ्हायनी."

बटण सुटले. माझ्या शेजारी बसलेला ऑपरेटर ओडिशाचा होता. त्याला ती नुसती गडबड वाटली. मला प्रत्येक शब्द कळला. दिवसभर दुसऱ्यांचे सांगतोस, आमचे कधी सांगशील. हवेची टाकी संपत आली आहे.

मी त्याच्या हातून सेट घेतला. वायरलेसवर आमची बोली हिंदी; सेटवरचे संदेश इथे मी मराठीत दिले आहेत. त्या दिवशी मी सरळ मराठीत बोललो.

"रिले, मागं कौतिकबाई बोलल्या का?"

"होय साहेब."

"टाकीचं काय?"

"इन्व्हर्टर सकाळी बसला. यंत्र बंद. छोटा सिलिंडर लावलाय, तो संपत आलाय."

"हे मला आत्ता सांगतोस?"

"संदेश दिलाय साहेब."

"रूटीन दिलायस!"

"हितं वरचा दर्जा द्यायला अधिकारी न्हाई." मग तोच सपाट आवाज: "थांबा साहेब. नाव दोन बोलतीया."

आणि त्याने नाव दोनचा संदेश सांगायला सुरुवात केली. एका बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे होते. नाव दोनवर एक कॅप्टन होते, त्यामुळे संदेशाला दर्जा होता इमिजिएट. शिंगाडेने तो स्पष्ट, सावकाश, एकही शब्द न चुकता सांगितला. मागे आता कोणाचाच आवाज नव्हता. त्याने बटणावरचे बोट सांभाळले असावे.

वाचणाऱ्याला हा हट्ट वाटेल. मला त्या वेळी राग आला, पण आश्चर्य वाटले नाही. आम्हा सगळ्यांना हेच शिकवले होते. चांगला शिकलेला माणूस होता, म्हणून ही चूक त्याच्याकडून झाली. कच्च्या सिग्नलवाल्याने सकाळीच आरडाओरडा केला असता आणि नाव मिळवली असती.

दर्जा वाढवण्याचा अधिकार मलाही नव्हता. मी कागद घेऊन बाहेर पडलो. मेजर कटोच धक्क्यावर एका नावेचे बंद पडलेले इंजिन उघडून बसले होते. हात काळे झालेले.

"सर, रिले से एक मेसेज है. रूटीन."

"रूटीन मेरे पास क्यों ला रहे हो, साब?"

"रिले का अपना है, सर."

त्यांनी हात पुसला, कागद घेतला. वाचून वर बघितले. "ओरिजिनेटर कौन?"

"शिंगाडे."

"पागल है क्या?"

"नहीं सर. नियम से चला है."

"तो नियम में मैं भी हूँ." त्यांनी माझ्या खिशातले पेन ओढून घेतले. "मेरा नाम डालो. इमिजिएट. कौन सी नाव पास है?"

सर्वांत जवळ नाव तीन होती. ती दुसऱ्या एका सोसायटीकडे निघाली होती. तिथे काही कुटुंबे अडकली होती, त्यांचाही दर्जा इमिजिएटच. मी तसे सांगितले.

"वो लोग पानी में हैं या पानी के ऊपर?"

"ऊपर, सर. दूसरे माले पर."

"तो रुकेंगे," मेजर म्हणाले आणि पुन्हा इंजिनात हात घातला. पुन्हा वर न बघता म्हणाले, "साब, दौड़ो."

मी धावलो. केंद्रात पोहोचल्यावर लक्षात आले की नाव तीनला वळवण्याचा हुकूम पोहोचवायचा तर मार्ग एकच. शिंगाडे. त्याच्याकडे नाव पाठवण्याचा हुकूम त्यालाच तोंडाने सांगावा लागणार होता. मी सांगितला. नंतर नाव तीनवरच्या जवानाकडून कळले की तो त्यांना जसाच्या तसा मिळाला: "नाव तीन, मेजर साहेबांचा हुकूम, इमिजिएट. आहे तिथून वळा. रिलेच्या इमारतीकडे जा. रुग्ण आहे."

नाव तीनने विचारले, "रिले, तुला काय झालं?"

"मला काही नाही. रुग्ण तिसऱ्या मजल्यावर आहे."

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते सांगण्यासारखे काही नाही. आबा आहेत की गेले हे विचारण्यासाठी मी जाळे अडवू शकत नव्हतो. एका नावेला पेट्रोल हवे होते. दुसरीला रस्ता सापडत नव्हता. पाण्याखालची भिंत कुठे आहे ते तिला हवे होते. देसाई साहेबांनी लिफ्टच्या मोटारीचे काय झाले असे विचारले. शिंगाडे एकामागून एक संदेश देत राहिला. त्याच्या आवाजावरून खालच्या मजल्यावर काय चालले आहे ते कळण्याचा मार्ग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या सपाट आवाजाची चीड आली.

मग तो म्हणाला, "नाव तीनकडून. रिलेच्या इमारतीला पोहोचलो. रुग्ण नावेत घेतला. रुग्ण जिवंत. सोबत पत्नी. दवाखान्याकडे निघालो."

शेजारच्या ऑपरेटरने ते लिहून घेतले. मी त्याला म्हणालो, पोच दे. त्याने दिली. एवढेच.

सिलिंडर नाव येण्याच्या थोडा आधी संपला होता. आबांना खुर्चीवर बसवून शेजारच्या चार जणांनी ती खुर्ची जिन्यावरून उतरवली. नावेत बसल्यावर कौतिकबाईंनी वर गच्चीकडे बघून हाक मारली, "ए पानीवाला फौजी, तू बी चाल ना!" शिंगाडेने कठड्यावरून मान बाहेर काढून नकाराची खूण केली. कानावर सेट होता. तो उतरला असता तर पलीकडच्या सगळ्या नावा मुक्या झाल्या असत्या.

ज्या सोसायटीसमोरून नाव तीन वळली, तिथली माणसे संध्याकाळी बाहेर काढली. त्यांतली एक बाई, मराठवाड्यातली, बांधकामावर काम करणारी, कडेवर पोर घेऊन आमच्या केंद्रापर्यंत आली. तिने देसाई साहेबांना सोडून मला गाठले, कारण मी मराठी बोलताना तिने ऐकले होते.

"साहेब, नाव आमच्या डोळ्यांदेखत वळली. लेकरू तापानं फणफणलंय माझं. आम्ही माणसं नाहीत का?"

मी तिला निंबा आबांविषयी सांगितले असते तर ती कदाचित गप्प बसली असती. सांगितले नाही. एक संदेश वर चढवला की दुसरा कोणाचा तरी खाली जातो; खाली जाणाऱ्याला त्याचे कारण सांगून समाधान मिळत नसते. डॉक्टरांकडे तिला मी स्वतः घेऊन गेलो. ताप दोन दिवसांनी उतरला असे नंतर कळले. तिचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

पाणी ओसरल्यावर, परत निघण्याआधी, मेजरांनी सर्वांना एकत्र बसवले. अशा प्रत्येक कामानंतर आमच्याकडे बैठक होते; काय चुकले ते बोलायचे. शिंगाडेची पाळी आली.

"रूटीन क्यों लिखा?"

शिंगाडे उभा राहिला. "सर, रिलेवाले का अपना मेसेज नहीं होता."

कोणी हसले नाही.  त्याला शिक्षा द्यावी असे त्याने काही केले नव्हते, आणि शाबासकी द्यावी असेही नाही.

"आज से होगा," मेजर म्हणाले.

त्यांनी दोन गोष्टी ठरवून दिल्या. जिवाला धोका असेल तर सेटवर बसलेला कोणीही, कोणत्याही हुद्द्याचा, इमिजिएट देऊ शकतो, खुलासा मागाहून. आणि प्रत्येक हाकेच्या शेवटी केंद्राने रिलेला वेगळे विचारायचे: तुझं स्वतःचं काय? हे आमच्या तुकडीपुरते होते. पुढे ते आणखी कुठे पोहोचले का, मला माहीत नाही. मेजरांची बदली झाली, मीही निवृत्तीला आलो.

शिंगाडेला दुसरा नियम मुळीच आवडला नाही. "हे काय इचारणं झालं साहेब? बायको इचारती तसं." पुढच्या सरावात वाळवंटात त्याला एका टेकाडावर बसवले होते. प्रत्येक हाकेला विचारणा व्हायची, "तुझं स्वतःचं?" आणि तो ठसक्यात म्हणायचा, "काही नाही." सगळे जाळे ते ऐकत असे. एकदा तो थांबला आणि म्हणाला, "दाढ दुखतीया." सगळ्या ठाण्यांवर हशा पिकला. गाडी पाठवून त्याला आणला तेव्हा गाल लिंबाएवढा सुजलेला होता आणि अंगात ताप. किती दिवसांपासून दुखते असे डॉक्टरांनी विचारले. त्याने तोंड उघडून दाढच दाखवली.

निंबा आबा त्या पुरानंतर काही वर्षे जगले. घरीच गेले, झोपेत. कौतिकबाई अजून कोसाडलाच आहेत. मुलगा नोकरीला, नातवंडे आपसांत गुजराती बोलतात आणि आजीशी अहिराणी. दिवाळीच्या सुमारास मी त्यांच्याकडे एक चक्कर मारतो. दर वेळी त्या विचारतात, "तो पानी देखाले येल फौजी कसा से?"

गेल्या खेपेला मी म्हटले, तुम्हीच विचारा, आणि तिथूनच शिंगाडेला फोन लावला. तोही आता निवृत्त होऊन गावी आहे. फोनचा आवाज मोठा करून मधे ठेवला. त्याने सगळी खबर दिली. गावाला टँकर सुरू आहे. थोरल्या मुलीला तालुक्याला नोकरी लागली. गावच्या टॉवरची रेंज देवळामागे येते, घरात येत नाही. टॉवर बसवणाऱ्याला त्याने जागा दाखवली होती, पण ऐकले नाही. चुलत्याच्या शेळ्या. शेजाऱ्याचे ऑपरेशन. कौतिकबाईंना त्याने मराठीत नमस्कार सांगितला, त्यांनी अहिराणीत आशीर्वाद दिला. दोघांना एकमेकांचे कितपत कळले कोण जाणे.

फोन ठेवण्याआधी मी सवयीने विचारले, "आणि तुझं स्वतःचं?"

 पलीकडून तोच आवाज, ना चढलेला, ना उतरलेला.

"काही विशेष न्हाई साहेब. रूटीन."

फोन बंद झाला. कौतिकबाई माझ्याकडे बघत होत्या.

"तवय बी हाऊ असंच बोलना व्हता ना?" पुराच्या दिवसाची आठवण काढून त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग बठना काय? जाय, देखी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिंगाडेच्या गावी निघालो. वेळेवर पोहोचलो आणि आता तो हिंडताफिरता आहे, एवढे इथे सांगता येईल. त्याला काय झाले होते ते लिहीत नाही. तो त्याचा मजकूर आहे, आणि तो पुढे पाठवायला त्याने मला सांगितलेले नाही.